किशोरवयीन मातृत्व : जिल्ह्याजिल्ह्यांतील तफावत कशी वाचावी?

किशोरवयीन मातृत्वाचा विषय आपल्या चर्चासत्रांत निघाला की बहुधा दोनच आकडे पुढे येतात. एक देशाची सरासरी आणि दुसरा धर्मनिहाय तक्ता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते १९ वयोगटातील ६.८ टक्के मुली माता झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. मुस्लिम मुलींत हे प्रमाण सुमारे ८ टक्के, हिंदू मुलींत सुमारे साडेसहा. एवढ्यावरून कोणी समाजाला दोष देतो, कोणी समाजाचा बचाव करतो. स्थानिक फरक मात्र दोघांच्याही नजरेतून सुटतो.

केरळ आणि पश्चिम बंगाल ही दोन राज्ये शेजारी ठेवून पाहावीत. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्हीकडे मुस्लिम लोकसंख्येचा वाटा जवळपास सारखाच, सुमारे २७ टक्के. पण किशोरवयीन मातृत्व केरळात २.४ टक्के आणि पश्चिम बंगालमध्ये १६.४ टक्के. ज्या त्रिपुरात मुस्लिमांचा वाटा ९ टक्क्यांच्या आत आहे, तेथे ते २१.९ टक्के! धर्मागणिक फरक दीड-दोन टक्क्यांचा, तर प्रदेशागणिक सातपट ते नऊपट.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी. याच पाहणीत पश्चिम बंगालचा एकूण जननदर १.६ होता, म्हणजे केरळच्या १.८ पेक्षाही कमी. तेथील स्त्रीला मुले थोडीच होतात, पण लवकर होतात. 'लवकर मातृत्व म्हणजे मोठे कुटुंब' हे समीकरण येथे टिकत नाही. प्रश्न मुलांच्या संख्येचा नसून लग्नाच्या वयाचा आहे.

लग्नाचे वय ठरवण्यात परिसराचा हात किती असतो, हे मराठवाड्यात दिसते. याच पाहणीत २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८ टक्के होत्या. बीडमधून ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकाच्या सीमाभागात जातात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'वर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. वयात आलेली मुलगी सहा महिने मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही आईबापांची खरी चिंता. लग्न लावले की ती चिंता मिटते, वर एक नवा कोयता तयार होतो. बेळगावच्या आसपासच्या अध्यापकांना हे फड लांबचे नाहीत.

मात्र जिल्ह्याचा आकडा हाती आला की लगेच क्रमवारी लावू नये. या पाहणीत ७०७ जिल्ह्यांतून सुमारे सव्वासात लाख स्त्रियांची माहिती घेतली गेली. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी हजार, आणि त्यांत १५ ते १९ च्या जेमतेम पावणेदोनशे. पाच मुली कमी-जास्त झाल्या तरी ६ चे ९ टक्के होतात. शेजारच्या दोन जिल्ह्यांतील दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर प्रबंध उभारणे धोक्याचे आहे; बीड-परभणीच्या विवाहांसारखी राज्याच्या दुप्पट असलेली दरी मात्र गंभीरपणे घ्यावी लागते.

जन्मनोंदणीचे आकडे वापरावेत, तर त्यांतही मेख आहे. नोंद होते ती जन्म जेथे झाला तेथे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची रीत, शिवाय मिरजेसारख्या ठिकाणी दवाखान्यासाठी येणारी सीमाभागातील कुटुंबे. त्यामुळे नोंदलेले गाव आणि राहते गाव एकच असेल असे नाही. आशा सेविकेच्या नोंदवहीत राहते गाव मिळते, पण अठराच्या आतले वय सांगितले तर कायद्याचा ससेमिरा लागेल या भीतीने वय वाढवून सांगितले जाते.

आपल्या महाविद्यालयाचा हजेरीपट तर याबाबत जवळजवळ निरुपयोगी. ज्यांची लग्ने झाली त्या मुली आपल्यापर्यंत पोहोचलेल्याच नसतात. कोणाला आपल्या परिसराचा अभ्यास करायचा असेल, तर जवळच्या शाळेचा पाच वर्षांपूर्वीचा आठवीचा पट घ्यावा आणि त्यातली प्रत्येक मुलगी आज कोठे आहे, हे घरोघरी जाऊन विचारावे.