तीन रकान्यांतला कावळा

सिनेमाच्या समीक्षेचं पान कसं लागतं हे पाहायला कुणीही पुण्या-मुंबईच्या एखाद्या कलाविभागात जाईल. आमच्या संपादकांनी मला बेला गावी धाडलं. आदिलाबादहून कोरपन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, तेलंगणातलं हे मंडळाचं गाव. काळी माती, कपाशी, उत्तरेला पैनगंगा आणि तिच्या पल्याड यवतमाळ जिल्हा. १९५६ साली किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, बेला अल्याडच राहिलं. पाट्यांवर तेलुगू, घरात मराठी, आणि सिनेमा लागेल तो. सीमाभागावरच्या दिवाळी अंकात एका तेलुगू सिनेमाची मराठी समीक्षा छापायची, तर ते पान दोन्हीकडचं कळणाऱ्याने लावावं, असं संपादकांचं म्हणणं.

पान लावणारे भाऊ एरवी लग्नपत्रिका करतात. शाळेच्या स्मरणिका, दुकानांची बिलबुकं, निवडणुकीच्या हंगामात पत्रकं. एका खोलीत कॉम्प्युटर, इन्व्हर्टर आणि भिंतीवर पत्रिकांचे नमुने. “मले सिनेमातलं काही कळत नाही सर,” हे त्यांचं पहिलं वाक्य. ते खरं नव्हतं.

सिनेमा होता ‘बलगम’. वेणू येल्दंडी या विनोदी नटाने दिग्दर्शित केलेला, ३ मार्च २०२३ ला लागलेला. घरातला म्हातारा जातो, पिंडाला कावळा शिवत नाही, आणि भावाभावांतली, दाजी-मेव्हण्यांतली जुनी उणीदुणी बाहेर येतात. तेलंगणात गावोगावी चौकात पडदा लावून लोकांनी तो एकत्र बसून पाहिला, रडले. मराठी वाचकाला यातलं काहीही समजावून सांगावं लागत नाही. समीक्षा लिहिली होती एका शिक्षकाने, मजकूर नऊशे शब्दांचा. सोबत निर्मात्यांच्या प्रसिद्धीचे फोटो होते आणि सगळ्यांत नायक प्रियदर्शी.

समीक्षेच्या पानाची जुनी गोष्ट थोडक्यात उरकतो. पालघरजवळच्या मासवणचे बाबूराव पटेल यांनी एप्रिल १९३५ मध्ये मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढलं. त्यांच्या परीक्षणांना निर्माते टरकून असत. पण शेरेबाजी कितीही जहाल असली, तरी तिच्या जोडीला एक शांत, कारकुनी चौकट असे: निर्माता, कथा, संगीत, छायालेखन, कलावंत, कुठल्या थिएटरला लागला, कोणत्या तारखेला. मराठीत नाशिकच्या ‘गावकरी’कारांचा ‘रसरंग’ घरोघरी गेला. त्या काळी फोटो छापायचा म्हणजे जस्ताचा ठसा करून घ्यायचा, आणि ठसेवाला पैसे घेई चौरस इंचावर. कुठला फोटो, केवढा, यावर संपादक आधी डोकं खाजवत. आता फोटो फुकट येतो आणि डोकं कुणी खाजवत नाही, असं माझं मत बेला गावी जाईपर्यंत होतं.

भाऊंनी पहिल्यांदा कागद घेतला. ए-फोर पान, २१० मिलिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा सोडले की उरतात १८०. तीन रकाने, मध्ये सहा-सहाची दोन अंतरं, म्हणजे एक रकाना ५६ मिलिमीटर. हे त्यांनी तोंडीच केलं. एवढ्या रकान्यात बारा पॉइंटचे चार-पाच शब्द बसतात, आणि मराठी शब्द काही ऐकत नाहीत. ‘दिग्दर्शकाच्या’, ‘पार्श्वसंगीताबद्दल’ असे दोन एका ओळीत आले की संपलं. दोन्ही कडा सरळ धरायच्या तर शब्दांमध्ये खिंडारं पडतात. इंग्रजीत शब्द तोडून पुढच्या ओळीत ढकलतात, आपल्याकडे भाऊंच्या कॉम्प्युटरला ते जमत नाही आणि वाचकालाही रुचत नाही. त्यांनी उजवी कड मोकळी सोडली. संपादकांना ती ‘विस्कटलेली’ वाटेल, असं मी म्हणालो. “विस्कटली तं विस्कटली, वाचता तं येते ना,” भाऊ म्हणाले.

मग मथळा. शिक्षकांनी दिला होता ‘कावळ्यापुढे कुटुंबाची कैफियत’. एका ओळीत मावेना, म्हणून ‘कैफियत’ खाली. पत्रिकेच्या सवयीने त्यांनी ते मधोमध धरलं आणि लगेच थांबले. वरच्या ओळीतल्या ‘पु’चा उकार खाली उतरतो, खालच्या ‘कै’च्या दोन मात्रा वर चढतात, आणि दोघं नेमके एकाच जागी येऊन भिडतात. ओळींमधलं अंतर वाढवलं तर मथळा दोन तुकड्यांत फाटल्यासारखा दिसे. दहा मिनिटं ते नुसते बघत बसले. मग दुसरी ओळ उचलून डाव्या कडेला नेली. आता ‘कै’ आला ‘का’च्या खाली, जिथे वरून काहीच लोंबत नाही, ‘फि’ची वेलांटीही मोकळी झाली. अंतर होतं तेवढंच, आणि मथळा घट्ट बसला. अक्षरं मोठी करणारे पुष्कळ भेटतात. अक्षराच्या खालीवर काय चाललंय ते पाहणारा असा क्वचित, आणि तो इथे ‘चि. सौ. कां.’च्या पत्रिका करत बसला आहे.

फोटोवर मात्र आमची खडाजंगी झाली. मला नायकाचा चेहरा हवा होता, पान उठावदार दिसतं म्हणून. “हिरो टाकला का कोनत्याबी सिनेमाचं पान होते सर. कावळा पाह्यजे.” कावळ्याची चौकट त्यांनी फोनवरून उतरवून घेतली होती. पण कावळ्याचीही दोन दृश्यं: एकात तो दूर बसलेला, दुसऱ्यात पिंडापाशी. दुसरं छापलं की न पाहिलेल्याला शेवट पानावरच मिळतो. इतका साधा विचार समीक्षेच्या पानावर काम करणारे किती जण करतात, मला शंका आहे. दूरचा कावळा ठरला.

इथून पुढे अडचणींनीच पान चालवलं.

फोनवरचं चित्र १०८० ठिपके रुंद. छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात असा दंडक धरला, तर ते जेमतेम ९१ मिलिमीटर भरतं. दोन रकाने आणि मधलं अंतर मिळून ११८. तेवढं ताणलं की इंचाला २३२ उरतात. आर्ट पेपरवर फुटलं असतं. आमचा अंक साध्या कागदावर, तिथे खपून जाईल असं भाऊंचं म्हणणं. पण साधा कागद शाई पितो आणि ठिपका पसरतो, म्हणून काळा कावळा काळ्या झाडीत बुडणार. त्यांनी मागची झाडी उजळवत उजळवत फिकी केली, कावळ्याला हात लावला नाही.

मजकूर शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला, म्हणजे युनिकोडमध्ये. भाऊंचा पेजमेकर जुना, अक्षरं श्री-लिपीची. मजकूर बदलून घ्यावा लागतो, आणि त्या बदलात ठरावीक अक्षरं मोडतात. ‘तिसऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘बिचाऱ्या’ यांतला ऱ्या गेला, ‘ॲ’ गेला. दिवसकार्यावरच्या सिनेमाच्या समीक्षेत ‘तिसऱ्या दिवशी’ कितीदा येत असेल! ते एकेक शोधत होते, आणि मी शेजारी बसून मूळ मजकूर मोठ्याने वाचत होतो. त्यातच तेलुगू नावं. शिक्षकांनी एकदा ‘येलदंडी’ लिहिलं होतं, एकदा ‘येल्दंडी’. भाऊंनी तेलुगू पोस्टर उघडून अक्षर लावून पाहिलं आणि दोन्हीकडे ‘येल्दंडी’ केलं.

नावांची चौकट शेवटी राहिली. संपादकांचा निरोप आला की चौकटीत चांदण्याही हव्यात, पाचपैकी किती ते. शिक्षक चांदण्या द्यायला तयार नाहीत. मीही त्यांच्या बाजूचा. चांदण्या दिसल्या की वाचक मजकुरावरून उडी मारून थेट तिथे उतरतो. भाऊंनी वाद न घालता चांदण्यांपुरती जागा रिकामी ठेवली.

ती रिकामी जागा भरायच्या आत जाहिरात आली. एका कृषी केंद्राची, अर्ध्या पानाची, पैसे रोख. अंक चालतो त्या पैशांवर, नाही म्हणायची सोय नव्हती. नऊशे शब्दांचे साडेचारशेच राहणार होते. संपादक म्हणाले, फोटो काढा. शिक्षक म्हणाले, चौकट काढा, नावं कुणी वाचत नाही. भाऊ म्हणाले, नावं राहू द्या, नट-तंत्रज्ञांची मेहनत असते. फोटो एका रकान्याचा करू, कथासार गाळू, इथल्या मानसाले कथा माहीत हाय. कथासार गेलं, आणि मजकूर सुधारला, हे शिक्षकांनी नंतर मान्य केलं. चांदण्यांना जागाच उरली नाही; त्यावर संपादक काही बोलले नाहीत.

रात्री पीडीएफ केली, फॉन्ट बाह्यरेषांत बदलून, म्हणजे छापखान्यात श्री-लिपी नसली तरी अक्षरं तशीच राहतात. पण मग त्यातलं एक अक्षरही दुरुस्त करता येत नाही. सकाळी शिक्षकांचा फोन आला: शेवटच्या परिच्छेदात एक ‘बिचाऱ्या’ अजून मोडकाच आहे. भाऊंनी बाजूला ठेवलेली मूळ फाइल पुन्हा उघडली.