ताट रोजचं, हात परक्याचे

खानावळीची पारख कोणी मटणावर करतं, कोणी सुरमईवर, कोणी रविवारच्या श्रीखंडावर. मी ती वरणावर करते. रश्श्यात मसाला असतो, तर्रीत तेल असतं, गोडात साखर असते. आचारी थकलेला असला तरी ही मंडळी त्याची बाजू सांभाळून घेतात. वरणाला असा कोणी वाली नाही. तुरीची डाळ, हळद, हिंग, मीठ, वाटलं तर गुळाचा खडा. डाळ अर्धवट शिजली असेल किंवा सकाळचंच वरण पाणी घालून रात्री उकळलं असेल, तर पहिल्या घासाला कळतं. आणि जो माणूस महिनोन् महिने दोन्ही वेळ तिथंच जेवतो, त्याचं पोट या एका वाटीवर चालतं. गेली काही वर्षं महाराष्ट्रात आणि गोव्यात जिथं गेले तिथं शक्यतो खानावळीतच जेवले. त्या जेवणांचा हा आढावा.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते, कारण शिकायला आलेल्या मुलांच्या पोटाची सोय या शहराला पिढ्यान् पिढ्या करावी लागली. टिळक रस्त्यावरची बादशाही 1930 च्या दशकातली, आपटे रस्त्यावरचा आशा डायनिंग हॉल 1949 चा, सदाशिव पेठेतलं पूना बोर्डिंग हाऊसही जुनंच. ताटाची रीत घरातलीच: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, उसळ, आमटी, मग पोळी, आणि शेवटी भात. मला या ताटांचं मोल वाटतं ते त्यातल्या भाज्यांसाठी. पडवळ, दोडका, लाल भोपळा, सुरण, अळूचं फदफदं या गोष्टी हॉटेलच्या मेन्यूकार्डावर कधी येत नाहीत. घरातही आता त्या कमीच होतात, कारण चिरायला वेळ लागतो आणि मुलं नाकं मुरडतात. खानावळीत मात्र ‘आज काय आहे?’ याचं उत्तर मंडईत काय स्वस्त आणि ताजं मिळालं यावर ठरतं. ऋतू ताटात येतो तो असा.

याच पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या तळमजल्यांवर आणि नव्या इमारतींच्या पार्किंगशेजारी शेकडो मेस चालतात. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं तिथं महिन्याचं कार्ड काढतात. जेवलं की एका चौकटीवर फुली पडते. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद, हा नियम मराठवाड्यातून आलेल्या मुलालाही आठवड्याभरात पाठ होतो. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि या मेस एका रात्रीत थांबल्या, तेव्हा खोलीत अडकलेल्या मुलांना अभ्यासाआधी जेवणाचा प्रश्न पडला. या मेसचं वरण बहुतेक वेळा पातळ असतं. त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. महिन्याचा दर मुलाच्या बापाला शेतातून पाठवता येईल एवढा ठेवायचा, तर डाळ मोजूनच घालावी लागते. शिळं मात्र चालणार नाही. पातळ आणि ताजं यात लबाडी नाही.

मुंबईची खानावळ गिरणीनं घडवली. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बायकामुलांना गावी ठेवून गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर राही. त्याला पाळीप्रमाणे वेळेवर जेवण देण्याचं काम लालबाग-परळच्या चाळींतल्या बायकांनी केलं. दहा बाय बाराच्या खोलीत स्टोव्हवर त्या पंधरा-वीस माणसांचा स्वयंपाक करत. पैसे पगार झाल्यावर मिळत, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं ते या खानावळवाल्यांना सावकारापासून सोडवून राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून द्यायला. तारण ठेवायला काहीच नसलेल्या बाईला तिच्या हातच्या भाकरीच्या भरवशावर बँकेनं कर्ज द्यावं, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. पुढे 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. जेवणारे गावी परतले, तशा घरोघरच्या चुलीही थंडावल्या. गिरण्यांच्या इतिहासात मालक, पुढारी आणि कामगार यांची नावं येतात. हजारो माणसांना रोज दोन वेळ जेवू घालणाऱ्या या बायकांना त्यात अजून पुरेशी जागा मिळालेली नाही. गिरगावात खोताच्या वाडीत अनंताश्रम होतं. माशांच्या कढीसाठी माणसं तिथं शहरभरातून येत. तेही बंद होऊन बरीच वर्षं झाली.

माटुंग्याला रेल्वे स्टेशनाजवळ रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून आहे. मराठी खानावळींच्या आढाव्यात ते का, असं कोणी विचारेल. पण दादर-माटुंग्याच्या कितीतरी मराठी माणसांनी बाहेरचं सात्त्विक जेवण म्हणून हेच ओळखलं. केळीच्या पानावर भाजी, सांबार, रसम, भात, ताक. गिऱ्हाइकाला स्वयंपाकघर पाहायला मोकळीक आहे, आणि तशी पाटीच आहे. मला वाटतं, प्रत्येक खानावळीनं ही एवढी एक गोष्ट त्यांच्याकडून घ्यावी.

खानावळ ही सगळ्यांची होती असं मात्र म्हणता येत नाही, आणि ते विसरून तिचं कौतुक करणं मला जमणार नाही. जुन्या बोर्डिंगांच्या पाट्यांवर जात लिहिलेली असे, पंगती वेगळ्या असत, चहाची कपबशी वेगळी असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला घेतली. शिक्षणाआधी राहण्या-जेवण्याचा प्रश्न सोडवावा लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. गंगाराम कांबळे यांना त्यांनी हॉटेल काढायला लावलं, आणि दलिताच्या हातचा चहा स्वतः तिथं थांबून, लोकांसमोर घेतला. राज्यघटनेच्या कलम 15 मध्ये दुकानं आणि हॉटेलं सर्वांना खुली असतील असं वेगळं लिहावं लागलं, ते का, हे या इतिहासावरून समजतं. आजही काही ठिकाणी पाटीवर जात चवीचं नाव घेऊन उभी असते. पंगत आता एक झाली आहे, ही मिळकत लहान नाही.

कोल्हापूरच्या ताटाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यामुळे थोडक्यात सांगते. तांबडा रस्सा सगळीकडे जमतो. खरी परीक्षा पांढऱ्याची. अळणी मटणाच्या पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू यांचा मेळ बसला पाहिजे आणि वाटीवर तुपकट थर येता कामा नये. आता खानावळींत ‘फॅमिली रूम’ असतात. एकटी बाई आली की वाढपी तिला आपोआप पडद्यामागे नेतो. हेतू चांगला असतो, पण मी बाहेरच्या बाकावरच बसते, आणि आतापर्यंत कोणी हरकत घेतलेली नाही. बायांनी बाहेर बसत राहावं.

नागपूरचं सावजी जेवण हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतून बाहेर आलं. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसाचं ते जेवण. मसाल्यात जवस, खसखस, दगडफूल, काळी मिरी. खूर आणि सुंदरी म्हणजे बकऱ्याचे पाय आणि आतडी. ती इथं अभिमानानं वाढतात. न खाणाऱ्यासाठी पाटोडी रस्सा आहे, आणि तोही तितकाच जहाल. सावजी तिखट आहे एवढंच सांगून लोक थांबतात, हा त्याच्यावर अन्याय आहे. तिखटाच्या मागून जवसाचा खमंगपणा येतो, त्यासाठी पोळी लहान तोडून सावकाश जेवावं. तर्रीचं तेल वाटीत वरच राहू द्यावं आणि खालचा रस्सा घ्यावा, हे मला शेजारच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी सांगितलं. सल्ला उत्तम निघाला.

किनाऱ्यावर वरणाची जागा कढी आणि भात घेतात. मालवणी खानावळीत पर्यटक सुरमई आणि पापलेट मागतात. मी बांगडा मागते. बांगडा ताजा नसेल तर मसाल्याखाली लपत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. या दिवसांत सुरमईचं ताट मिळालं तर ती बर्फातली किंवा लांबून आलेली असते. प्रामाणिक खानावळ तेव्हा खाडीच्या कुर्ल्या, सुकट, सोडे असं काही वाढते. गोव्यात पणजीला भरगर्दीच्या वेळी माशाचं ताट मागवलं तरी हुमण म्हणजे माशाची कढी, भात आणि सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर यांचा मान पहिला असतो. तळलेला तुकडा नंतर. ही क्रमवारी मला पटते.

आता जे बिघडतं आहे ते. महामार्गांवर पुणेरी, कोल्हापुरी, मालवणी अशा पाट्या लावलेल्या थाळ्या उभ्या राहिल्या आहेत. वाट्या मोजायला हाताची बोटं पुरत नाहीत. एका ठिकाणी ‘अस्सल मराठमोळी’ थाळीत मला पनीरची भाजी, काजूची करी आणि दोन गोड पदार्थ मिळाले. वरण मागितलं तर डाळफ्राय आली. सणाचं जेवण रोज वाढायला लागलं की सण उरत नाही आणि रोजचं जेवणही हरवतं. अमर्याद थाळीत माणूस पैसे वसूल करायला जेवतो, पानात टाकून उठतो. खानावळवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, साधं ताट लावलं तर लोक म्हणतात ‘यात काय आहे?’ दोष एकट्या त्याचा नाही.

सरकारनंही साध्या ताटाचे प्रयोग केले. 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. योजना पुढे टिकली नाही, केंद्रांना दिलेल्या जागा मात्र अडकून राहिल्या. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, एक भाजी, भात आणि वरण. स्टेशनाबाहेर, इस्पितळाबाहेर रांगेत उभं राहून मी ती जेवले आहे. चव केंद्रागणिक बदलते. पण रुग्णाच्या उशाशी रात्र काढलेल्या नातेवाइकाला दहा रुपयांत बसून गरम भात मिळतो, आणि असा दुसरा पर्याय सहज सापडत नाही. केंद्रचालकांची अनुदानाची बिलं वेळेवर चुकती व्हायला हवीत.

वाचकांना एवढीच विनंती आहे. आपल्या गल्लीतल्या खानावळीत रविवारी जाऊ नका. मधल्या वारी, रात्री जा. साधं ताट मागा. दर दहा रुपयांनी वाढला असेल तर घासाघीस करू नका. 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणि तूरडाळ यांचे भाव वाढले की तो भार खानावळवाल्यालाही सोसवत नाही. पानात टाकू नका. आणि वरण चांगलं झालं असेल, तर उठताना आत डोकावून ते करणाऱ्या बाईला सांगा.