बालकांमधील उवांचा प्रादुर्भाव : निदान व उपचार

कुंडल (जि. सांगली) परिसरात गळीत हंगामात ऊसतोड कुटुंबे दाटीच्या कोप्यांत राहतात. तेथे डोक्याला डोके लागून उवा पसरतात. त्या उडत नाहीत. कोंडा झटकताच निघतो, लीख मात्र केसाला घट्ट चिकटते. तथापि रिकामी लीखही चिकटून राहते. म्हणून ओल्या केसांतून बारीक फणी फिरवून जिवंत ऊ सापडणे हेच खात्रीचे निदान होय. वैद्यकीय सल्ल्याने १ टक्का परमेथ्रिन १० मिनिटे लावून धुवावे. त्याने सर्व लिखा मरत नाहीत व त्या ७ ते १० दिवसांत फुटतात; यास्तव नवव्या दिवशी पुनरुपचार आवश्यक ठरतो. रॉकेल वा शेतीची कीटकनाशके घातक होत. उवा अस्वच्छतेचे लक्षण नसल्याने मुलीचे मुंडन करणे किंवा तिला अंगणवाडीतून परत पाठविणे सर्वथा अनाठायी आहे.