माणग्याच्या काठीत दडलेलं धनुष्य

धनुष्य ओढायला माणसाला साधारण एक सेकंद लागतो. दोरी सुटल्यावर बाण बाहेर पडायला मात्र सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. खांद्याने सावकाश दिलेलं बळ काठी पोटात धरून ठेवते आणि पन्नासपट घाईने परत करते. ढोबळ हिशेब करून पाहू. १५ किलो ताणाच्या साध्या धनुष्याची दोरी अर्धा मीटर मागे ओढली की त्यात सुमारे ३७ ज्यूल ऊर्जा साठते. त्यातली एक तृतीयांश काठी आणि दोरी हलवण्यात खर्ची पडते असं धरलं, तरी उरलेल्या ऊर्जेवर २५ ग्रॅमचा बाण ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो. नुसत्या हाताने बाण या वेगाने फेकणं सामान्य माणसाला जमत नाही. आणि हे सगळं घडतं एका वाकलेल्या काठीत.

ही काठी माणसाला फार पूर्वी सापडली. श्रीलंकेतल्या फा-हिएन गुहेत हाडांची घासून टोकदार केलेली अवजारं मिळाली आहेत. ती सुमारे ४८,००० वर्षांपूर्वीची बाणाग्रं असावीत, असं संशोधकांनी २०२० मध्ये मांडलं. तिथली शिकार होती माकडं आणि खारी, म्हणजे दाट पावसाळी रानात उंच फांद्यांवर राहणारे, हाताला न लागणारे प्राणी. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या ५३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या देहाजवळही यू झाडाचं धनुष्य होतं. लांबी १.८२ मीटर, आणि ते अर्धवट राहिलेलं होतं! त्याच्या चौदा बाणांपैकी दोनच पुरे झाले होते. आपल्याकडच्या धनुष्याचं जुनं वर्णन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने केलं आहे. इराणचा सम्राट झर्क्सीस ग्रीसवर चालून गेला तेव्हा त्याच्या सैन्यातले भारतीय सुती कपड्यांत होते आणि त्यांची धनुष्यं वेतासारख्या गवताची होती, असं तो सांगतो. हे गवत बहुधा बांबूच.

त्या गवताचा एक अस्सल कोकणी भाऊबंद मालवण, कुडाळ, कणकवलीच्या परसात, कुंपणाला, ओहोळाच्या काठाला उभा आहे. तो म्हणजे माणगा. वनस्पतिशास्त्रात त्याला डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी म्हणतात. कोकण, गोवा आणि कर्नाटकची किनारपट्टी हा त्याचा मुलूख. त्याला काटे नाहीत, तो सरळ वाढतो, आणि बुंध्याकडची काठी बहुतेक भरीव असते. त्याला बी धरत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक कंद आणि काठीचे तुकडे लावून त्याची बेटं वाढवत आले. कुडाळला २००४ पासून काम करणारं ‘कॉनबॅक’ हे बांबू केंद्र याच माणग्याची घरं आणि फर्निचर उभं करतं. २०१७ मध्ये वनकायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे आपल्या परसातली काठी तोडणं आणि नेणं बरंच सोपं झालं.

धनुष्यासाठी हा माणगा का, हे कळायला धनुष्य वाकतं तेव्हा आत काय होतं ते पाहावं लागतं. नेमबाजापासून दूर असलेली बाजू ताणली जाते, तिला पाठ म्हणू. नेमबाजाकडची बाजू दाबली जाते, ते पोट. मधोमध एक थर असतो, तो ना ताणला जातो ना दाबला जातो. सगळा भार कडांवर असतो, गाभा जवळजवळ बघ्याची भूमिका घेतो. बांबूची घडण नेमकी अशाच भारासाठी केल्यासारखी आहे. बांबूच्या भिंतीत बाहेरच्या सालीलगत चिवट तंतूंची दाटी निम्म्याहून अधिक असते आणि आत जावं तशी ती उतरत जाते. किनाऱ्यावरच्या माणसाला ही गोष्ट माडावरून ठाऊक असते. माडाच्या खोडाचीही बाहेरची बाजू कठीण आणि गाभा मऊ. बांबू आणि माड दोघेही दरवर्षी जाड होणाऱ्या झाडांपैकी नाहीत. माणग्याचा कोंब पावसात जमिनीतून येतो तो आपली शेवटची जाडी घेऊनच. काही महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो आणि मग तीनेक वर्षं फक्त आतून घट्ट होत राहतो.

लाकडाचं धनुष्य करणाऱ्याला अशा चिवट पाठीसाठी भलताच घाम गाळावा लागतो. सह्याद्रीत धामण नावाचं झाड आहे, त्याचं लवचीक लाकूड अवजारांच्या दांड्यांना आणि धनुष्यांना पूर्वापार वापरलं गेलं. पण ओंडक्यातून धनुष्य काढताना पाठीवरचा तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही तुटता कामा नये. तुटला की तिथून कपची उठते आणि धनुष्य मोडतं. थंड देशांत वार्षिक वलयं स्पष्ट असल्यामुळे कारागीर एकच वलय धरून सोलत जातो. आपल्याकडच्या बऱ्याच झाडांत ही वलयं धूसर असतात. बांबूत हा प्रश्नच येत नाही, कारण त्याची साल हीच तयार, अखंड पाठ असते. नवशिक्याने एकच पथ्य पाळायचं: सालीला धार लावायची नाही.

काठी निवडावी तीन ते चार वर्षांची, ३५ ते ४० मिलिमीटर व्यासाची, भरीव आणि सरळ. तोडायची पाऊस सरल्यावर, कार्तिकापासून पुढे. याला कारण आहे. पावसाळ्यात नवे कोंब वाढवताना बेटाने साठवलेला स्टार्च खर्ची पडलेला असतो, आणि बांबू पोखरणाऱ्या भुंग्याला हवा असतो तोच स्टार्च. काठी ओहोळाच्या वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवली की उरलासुरला स्टार्चही धुऊन जातो. नंतर ती सावलीत, वारा लागेल अशी आडवी टाकून काही महिने सुकवायची. ओल्या काठीचं धनुष्य वाकतं खरं, पण वाकलेलंच राहतं.

सुकलेली काठी कोयत्याने मधोमध चिरली की दोन अर्धगोल पट्ट्या मिळतात. एक वापरायची, एक पुढच्या वेळेसाठी ठेवायची. आपण बाण जितका मागे ओढणार त्याच्या अडीचपट धनुष्याची लांबी ठेवावी. बहुतेकांच्या बाबतीत ही लांबी १७० सेंटिमीटरच्या आसपास येते. मूठ मध्यावर. तिथे पूर्ण रुंदी ठेवून दोन्ही टोकांकडे ती उतरवत दीड सेंटिमीटरवर आणायची. मग आतली बाजू रंध्याने सपाट करायची: मध्यावर १५ मिलिमीटर, टोकांशी १० मिलिमीटर. ही फक्त सुरुवात आहे, शेवटची जाडी काठीच ठरवेल. सालीवरच्या गाठींचा कंगोरा तसाच राहू द्यावा, कारण गाठीपाशी तंतू वळणं घेतात आणि तो कंगोरा तासला की ते कापले जातात. काठीला मुळातच बाक असेल तर शेगडीच्या धगीवर शेकून सरळ करता येतो, कारण उष्णतेने तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन काही क्षण नरम पडतं. टोकांपासून दोन सेंटिमीटर आत, बाजूंना, दोरीसाठी गोल कानशीने खाचा पाडायच्या. खाच पाठीवर कधीही नेऊ नये.

इथवरचं काम सुताराचं. पुढचं सगळं काम डोळ्यांचं, आणि धनुष्य घडतं ते इथे. पट्टी किती ताठ असेल हे तिच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात ठरतं, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट, जाडी दुप्पट केली तर आठपट. उलट बाजूने पाहिलं तर हाच नियम अंगावर येतो. १२ मिलिमीटर जाडीतून फक्त १.२ मिलिमीटर खरवडलं, म्हणजे दहावा हिस्सा काढला, की त्या जागेचा ताठपणा २७ टक्क्यांनी उतरतो. म्हणून रंधा बाजूला ठेवून आता कानस घ्यायची आणि शेवटी काचेचा तुकडा किंवा पॉलिश पेपर.

मूठ भिंतीवरच्या मजबूत खुंटीवर टेकवा, दोन्ही टोकांना सैल दोरी बांधा, तिच्या मध्याला दुसरी दोरी अडकवून ती खालच्या कप्पीतून घ्या आणि तिचं टोक हातात धरून दूर उभे राहा. हळूच ओढा आणि पाहा. एक भुजा कमी वाकत असते, बहुधा बुडख्याकडची, कारण काठी मुळातच शेंड्याकडे निमुळती होत जाते. एखाद्या ठिकाणी पट्टी सरळच राहते, दुसरीकडे कोपरासारखी दुमडते. जिथे ती ताठ आहे तिथे पेन्सिलीने खूण करा आणि फक्त तिथेच, फक्त पोटाकडून खरवडा. जिथे जास्त वाकतेय तिथे हातही लावू नका. तो भाग कच्चा आहे म्हणून वाकत नाही, शेजारचे आपला वाटा उचलत नाहीत म्हणून त्याच्यावर भार येतोय. थोडं खरवडायचं, पंचवीस-तीस वेळा हलकेच ओढून सोडायचं, पुन्हा पाहायचं. अपेक्षित ताणाच्या पलीकडे एकदाही ओढायचं नाही. दोन्ही भुजा एकाच कमानीत येईपर्यंत हेच चालतं, आणि त्यात दिवस मोडतो. चांगल्या धनुष्यात बोटभर लांबीचा प्रत्येक तुकडा आपल्या ऐपतीइतका वाकतो. मूळ काठीत नव्हती अशी एकही गोष्ट आपण घातलेली नसते. भाराची वाटणी तेवढी नीट लावलेली असते.

दोरीच्या बाबतीत मालवणचा बाजार नवशिक्याला चकवतो. हाताशी येतो तो काथ्याचा सुंभ, आणि धनुष्याला त्याच्याइतकी वाईट दोरी नाही. काथ्याचा तंतू तुटण्याआधी १५ ते ४० टक्के लांबतो. होडी बांधायला हा गुण उत्तम, कारण लाटेचा हिसका तो पोटात घेतो. धनुष्यात मात्र बाणाला मिळायची ऊर्जा तोच गिळून टाकतो. नायलॉनची गतही फारशी वेगळी नाही. ताग, अंबाडी, घायपात यांचे तंतू दोन-चार टक्क्यांपलीकडे लांबत नाहीत, म्हणून जुन्या धनुष्यांना ते चालत. आज पॉलिएस्टरचा पीळदार दोरा सोयीचा. सातपुड्यातल्या भिल्लांनी हा प्रश्न फार देखणा सोडवला. त्यांच्या धनुष्याची दोरीही बांबूच्याच सालीची पातळ पट्टी असते. दोरी चढवल्यावर ती मुठीपासून साधारण १५ सेंटिमीटर दूर राहावी. बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नये. सगळी ऊर्जा काठीतच परत जाते आणि ती फुटू शकते.

बाणाची तर वेगळीच गंमत. मुठीच्या जाडीमुळे बाण सरळ पुढे पाहतच नाही, किंचित बाजूला रोखलेला असतो. तरी तो लक्ष्यावर कसा जातो? १९३० च्या दशकात अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी वेगवान छायाचित्रणाने हे टिपलं. दोरीचा धक्का बसताच बाण मधोमध वाकतो आणि पाण्यातल्या मासळीसारखा वळवळत मुठीला वळसा घालून निघतो. पुढे काही अंतरावर ही वळवळ शमते. म्हणजे बाणाचा ताठपणाही धनुष्याशी जुळावा लागतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा फार ताठ बाण डावीकडे जातो, फार लवचीक बाण उजवीकडे. बारीक बांबूच्या काड्या कापताना त्या एकसारख्या वाकतात का हे आधी पाहायचं ते यासाठी.

आता लक्ष्याचं. घडण शिकारीच्या धनुष्याची असली तरी शिकार करायची नाही, हे स्पष्ट हवं. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव थेट येतं, आणि परवानगीशिवाय रानटी जनावर मारणं गुन्हा आहे. सिंधुदुर्गातल्या वानरमारे समाजाच्या जुन्या पिढ्या शिकारीवरच जगल्या. त्यांचा तो मार्गही कायद्याने बंद झाला. तेव्हा भाताच्या पेंढ्या घट्ट आवळून लक्ष्य करावं, त्यामागे मातीची दरड असावी आणि त्या दिशेला पायवाट नसावी. खेळ म्हणून याला मानही आहे. राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा बांबूच्या धनुष्याचा स्वतंत्र प्रकार असून त्यात ३० आणि ५० मीटरवर नेम धरतात. देशातल्या कितीतरी नामवंत तिरंदाजांचं पहिलं धनुष्य बांबूचं होतं.

वापर झाला की दोरी उतरवायची, हे विसरू नये. किनाऱ्यावरची पावसाळी हवा बांबूत शिरते, ओल धरलेले तंतू नरम पडतात आणि चढवून ठेवलेलं धनुष्य रात्रीतून बाक धरतं. वरून जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. ते सुकून कवच धरतं. खोबरेल कधी सुकत नाही, म्हणून इथे त्याचा उपयोग नाही.

काही दिवस नेमबाजी झाल्यावर दोरी उतरवलेलं धनुष्य सपाट फळीवर ठेवा आणि टोकं मूळ रेषेपासून किती मागे ओढली गेली ते मोजा. तीन-चार सेंटिमीटरचा बाक असेल तर काम चांगलं झालं. त्याहून जास्त असेल तर पोट कुठेतरी चिरडलं गेलंय. बाक ज्या जागी जास्त दिसेल तिथेच वाटणी चुकली, इतकं नेमकं ही काठी सांगते. धामणीचं झाड तोडणाऱ्याला दुसऱ्या प्रयत्नासाठी दुसरं झाड शोधावं लागतं. माणग्याचं बेट मात्र दर पावसाळ्यात नवे कोंब काढतं आणि चिरलेल्या काठीची दुसरी अर्धी पट्टी तर घरात आहेच.