डावपेच (भाग ७) : आडोसा न मानणारा फ्लोटर

मागच्या भागात 'एक्सकॉम : एनिमी अननोन' या २०१२ सालच्या खेळातला आडोशाचा नियम पाहिला. भिंतीआड किंवा गाडीआड बसलेला सैनिक सहसा तग धरतो. आज गाठ आहे ती या नियमाला बगल देणाऱ्या शत्रूशी, म्हणजे फ्लोटरशी.

कमरेच्या वर माणसाच्या अंगकाठीचा, खाली पायांऐवजी उडण्याचं यंत्र. ज्युलियन गोलॉप यांच्या १९९४च्या मूळ खेळातही हा परग्रहवासी होता. फिरॅक्सिस कंपनीने खेळ नव्याने घडवला, तेव्हा त्याला 'लाँच' ही चाल मिळाली. तो सरळ आभाळात झेपावतो आणि मैदानात हवा तिथे उतरतो. ती जागा बऱ्याचदा आपल्या पाठीमागचीच असते.

हे किती महागात पडतं, ते आकड्यांत पाहू. अर्धा आडोसा २० गुणांचं संरक्षण देतो, पूर्ण आडोसा ४०. शत्रूचा नेम ६५ धरला, तर पूर्ण आडोशामागच्या सैनिकाला गोळी लागण्याची शक्यता २५ टक्के. तोच शत्रू बाजूने किंवा मागून आला की ४० गुण शून्य होतात आणि शक्यता थेट ६५ टक्क्यांवर जाते. वर जिव्हारी घाव बसण्याची शक्यता ५० गुणांनी वाढते, ती वेगळीच. नवशिक्या सैनिकाचा खेळ तिथेच आटोपतो, आणि या खेळात मेलेला सैनिक परत येत नाही.

मग करायचं काय? मानवत-सेलूकडच्या शिवारात ज्वारी हुरड्यावर आली की राखणदार पाखरांमागे पिकातून पळत नाही. तो माळ्यावर चढतो आणि गोफण हाताशी ठेवतो. फ्लोटरशी लढतानाही पाठलाग सोडा, आधी जागा धरा.

पहिलं काम स्नायपरचं. त्याला गच्चीवर चढवा. उंचावरून खालच्या शत्रूवर नेम धरला की २० गुण जास्त मिळतात. 'स्क्वाडसाइट' हे कौशल्य घेतलं असेल, तर साथीदाराला दिसणारा शत्रूही त्याच्या टप्प्यात येतो. मात्र जागा बदलली की त्याच पाळीत त्याला सहसा स्नायपर रायफल चालवता येत नाही, म्हणून फ्लोटर दिसायच्या आधीच तो वर पोहोचलेला हवा. आणि त्याला एकटं सोडू नका. पाठीमागे उतरणाऱ्याला एकटा स्नायपर आयताच सापडतो.

दुसरं, फळी फार ताणू नका. सुरुवातीला चारच सैनिक असतात, पुढे सहापर्यंत नेता येतात. प्रत्येकाची पाठ दुसऱ्या कुणाला तरी दिसली पाहिजे. शॉटगनवाला असॉल्ट सैनिक एक पाऊल मागेच राहू द्या. लाँच मारून उतरलेल्या फ्लोटरची पाळी संपलेली असते, त्यामुळे पुढची चाल आपली. हवेत तरंगणाऱ्याला स्वतःलाही आडोसा नसतो. जवळून झाडलेली शॉटगन तिथे कामाला येते.

तिसरं, उरलेल्यांना 'ओव्हरवॉच'वर ठेवा. शत्रू नजरेच्या टप्प्यात हलला की ते आपोआप गोळी झाडतात. नेम थोडा ढळतो, पण चारपैकी दोन बंदुका लागल्या तरी काम फत्ते.

२०१६च्या 'एक्सकॉम २'मध्ये फ्लोटरचा वारस आर्कॉन येतो, देखणा आणि जास्त घातकी. तो उंच उडून जमिनीवर खुणा टाकतो आणि पुढच्या पाळीत तिथे क्षेपणास्त्रं पडतात. खुणेतून लगेच बाहेर पडा. जखमी झाल्यावर तो चवताळूही शकतो, म्हणून मारायचाच तर एका पाळीत संपवायच्या तयारीने हात घाला.

थोडक्यात, उडणाऱ्या शत्रूपुढे भिंतीपेक्षा साथीदाराची नजर जास्त भरवशाची. पुढच्या आठवड्यात क्रिसॅलिड : नागरिकांना मारून त्यांचे झोंबी करणारा धावरा शत्रू. तोवर एक मोहीम खेळून पाहा, आणि एकही पाठ उघडी ठेवू नका.