चिपच्या कारखान्याला मशीन मिळतं, माणूस कुठून आणायचा?

तुमच्या फोनमधली मुख्य चिप जेमतेम नखाएवढी असते, पण ती बनवणारा कारखाना अब्जावधी डॉलर्सचा. या कारखान्याला ‘फॅब’ म्हणतात. पैसा ओतला की फॅब उभी राहते असं वाटतं ना? टीएसएमसीला विचारा.

अॅपल आणि क्वालकॉमसाठी चिप बनवणारी ही तैवानची कंपनी. २०२० मध्ये तिने अमेरिकेत, अॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये फॅब बांधायचं जाहीर केलं. उत्पादन २०२४ मध्ये सुरू होणार होतं. जुलै २०२३ मध्ये कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष मार्क लिऊ यांनी तारीख २०२५ वर ढकलली. कारण काय, तर नाजूक मशीन बसवू शकतील असे पुरेसे कुशल कामगार तिथे नाहीत! मग तैवानहून अनुभवी तंत्रज्ञ बोलवायचं ठरलं, तर तिथल्या कामगार संघटना भडकल्या.

आता गंमत बघा. अमेरिकेत इंजिनिअर कमी आहेत का? नाही. कमी होते ते व्हॅक्यूमची लाइन जोडणारे, विषारी गॅसचे पाइप गळतीशिवाय बसवणारे हात. धुळीचा एक कणही चिप बिघडवतो, त्यामुळे हे काम डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा सूट घालून करावं लागतं. मी स्वतः इंजिनिअर आहे, पण मला तिथे उभं केलंत तर मी फक्त अडचण करीन. हे पुस्तकात शिकता येत नाही, चालू मशीनशेजारीच शिकावं लागतं. आणि फॅबच नसेल तर चालू मशीन कुठून आणणार?

यावर टीएसएमसीने दोन गोष्टी केल्या. अमेरिकेत भरती केलेल्या शेकडो इंजिनिअर्सना शिकायला थेट तैवानच्या चालू फॅबमध्ये पाठवलं. आणि तंत्रज्ञांसाठी अॅरिझोनात पगारी अॅप्रेंटिसशिप सुरू केली. जवळच्या कम्युनिटी कॉलेजांनी दहा दिवसांचा कोर्सही काढला. पण दहा दिवसांत तोंडओळख होते, हात बसत नाही. पहिल्या फॅबमधलं उत्पादन शेवटी २०२४ च्या अखेरीस सुरू झालं.

आपल्याकडे हा प्रश्न आता येतोय. गुजरातमध्ये धोलेऱ्याला टाटा इलेक्ट्रॉनिक्स तैवानच्याच पीएसएमसीच्या साथीने फॅब उभारतेय. एआयसीटीईने २०२३ मध्ये चिप उत्पादनाच्या डिप्लोमाचा अभ्यासक्रम आणला. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड तर आधीपासून आहेच. अॅडमिशन घेताना फी आणि प्लेसमेंटच्या आधी एवढंच विचारा: प्रॅक्टिकलला चालू मशीन आहे का, आणि अॅप्रेंटिसशिप नक्की कुठल्या कारखान्यात मिळते?