पोच कोणाच्या माथी?

२०२५ मध्ये टपाल खात्याची रजिस्टर सेवा स्वतंत्र सेवा म्हणून संपली आणि स्पीड पोस्टात विलीन झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला स्पीड पोस्टाचे दर वाढले. इंदापूरहून पुण्याला वीस ग्रॅमचे रजिस्टर पत्र पूर्वी करासह २६ रुपयांत जात असे. आता हशील ४७ रुपये, नोंदणीचे ५ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे त्याच पत्राला ६१ रुपयांहून अधिक मोजावे लागतात. यावर एक उत्तर तयारच असते: आता पत्र लिहितो कोण? लाइटबिल मोबाइलवर येते, मोबाइलवरच भरले जाते. उत्तर अर्धे खरे आहे, म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे. टपाल हशिलात नेहमीच दोन गोष्टींची किंमत असे: कागदाच्या ने-आणीची आणि तो पोचल्याच्या पुराव्याची. हा पुरावा मिळवणे हे पाठवणाऱ्याचे काम होते आणि त्याचा खर्चही त्याचाच. गेल्या पंधरा वर्षांत ने-आण जवळजवळ फुकट झाली, पण पोचेची जबाबदारी घेणाऱ्याच्या गळ्यात आली. माझा आक्षेप या अदलाबदलीला आहे, ऑनलाइन भरण्याला नाही.

आधीचा मोठा काळ थोडक्यात सांगता येतो. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, १८८० मध्ये मनिऑर्डर, १९७२ मध्ये पिनकोड, १९८६ मध्ये स्पीड पोस्ट. या सगळ्यात पत्ता हीच ओळख होती. बारामतीचा पिन ४१३१०२, इंदापूरचा ४१३१०६. जिल्हा पुणे, पण पहिले तीन आकडे सोलापूरशी जुळणारे, कारण पिनकोडाची आखणी टपालाच्या वर्गवारीच्या सोयीने झाली होती. उजनीच्या पाण्याखाली जुने पळसदेव गेले, गाव उठून वर वसले, पण पाकिटावरचे नाव तेच राहिले. गाव हलले तरी टिकणारा पत्ता, एवढी ही व्यवस्था भक्कम होती.

रेंगाळण्यासारखे दशक आहे ते २०११ ते २०२० चे. २०११ मध्ये यूपीसी, म्हणजे पत्र टपालात टाकल्याचा शिक्का मारलेला दाखला, बंद झाला. सभासदांना सभेच्या सूचना पाठवणाऱ्या संस्थांचा हा स्वस्तातला आधार होता. शेकडो सभासदांची यादी, त्यावर तिकिटे आणि पोस्टाचा गोल शिक्का, की सूचना पाठवल्याचा कागद हाती येई. त्या शिक्क्याचा गैरवापर होत होता हे खरे; पण गैरवापर थांबवायचा म्हणून स्वस्त पुरावाच काढून घेतला गेला आणि त्याच्या जागी तितकेच स्वस्त काही दिले नाही. २०१३ च्या जुलैत तार गेली, २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची मनिऑर्डर गेली. हळहळ बहुतेकांना तारेची वाटली. खरे नुकसान यूपीसीचे होते, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

पुढे २०१६ आले. एप्रिलमध्ये यूपीआय सुरू झाले आणि नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. १४ नोव्हेंबरपासून जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात शेतकऱ्याचे खाते बहुधा याच बँकेत, म्हणून ती कळ इथे अधिक लागली. ऑनलाइन भरण्याकडे वळण्याची सुरुवात इथे सोयीपेक्षा अडचणीतून झाली, ही नोंद पुसली जाऊ नये. मग २०२० च्या टाळेबंदीत महावितरणने २३ मार्चपासून मीटर रिडिंग आणि बिलांची छपाई-वाटप थांबवले. संसर्गाच्या भीतीपुढे तो निर्णय रास्त होता. पण एप्रिल-मेची बिले हिवाळ्याच्या सरासरीवर निघाली आणि जूनच्या बिलात उन्हाळ्याचा सगळा फरक एकदम आला. राज्यभर आरडाओरडा झाला, तेव्हा हिशेब संकेतस्थळावर पाहा असे सांगण्यात आले. बिल समजून घेणे हे ग्राहकाचे काम आहे, हे तेव्हा पहिल्यांदा उघडपणे सांगितले गेले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप खर्चाचा: ऑनलाइनमुळे ग्राहकाचेच पैसे वाचतात. वाचतात. कागदी बिल नाकारले तर दर बिलामागे १० रुपये सवलत आहे, आणि बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरले तर एक टक्का. रांग नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. पण ही सवलत कोणाच्या पदरात पडते ते पाहा. कागदी बिल आठव्या दिवशी वाडीवर पोचले तर त्या घराचा एक टक्का आपोआप बुडाला, १० रुपये तर आधीच नाहीत, आणि मुदत चुकली तर वर सव्वा टक्का विलंब आकार. ऑगस्ट २०२३ पासून रोखीने महिन्याला ५ हजारांपर्यंतच बिल भरता येते; शेतीपंपासाठी ही मर्यादा १० हजारांची. प्रत्येक नियम एकेकटा समजण्यासारखा आहे. एकत्र पाहिले की ज्याच्या घरी स्मार्टफोन सफाईने वापरणारे कोणी नाही, त्याला तीच वीज महाग पडते.

दुसरा आक्षेप असा की टपाल खाते तोट्यात आहे. तेही खरे. पोस्टकार्ड आजही ५० पैशांना मिळते, आणि ते पोचवायला खात्याला कितीतरी पट खर्च येतो. स्पीड पोस्टाचे दर २०२५ च्या वाढीआधी २०१२ मध्ये वाढले होते, तेव्हा तेरा वर्षांनी झालेली वाढ अन्यायाची म्हणता येणार नाही. पण साध्या पत्राचे हशील न वाढवता पुराव्याच्या पत्राचे दुपटीहून अधिक करणे म्हणजे ज्याला गरज आहे त्याच्याकडूनच तोटा भरून घेणे. माहिती अधिकाराचे अपील, फेरफाराला हरकत, चुकीच्या बिलाची तक्रार, या कामांना लोक रजिस्टर एडी करत. कार्यालयाला ६१ रुपये जड नाहीत. रोजंदारीवर जाणाऱ्याला आहेत.

तिसरा आक्षेप सर्वांत जोरकस: मोबाइल आता घरोघरी आहे. आहे, पण मोबाइल हा घराचा पत्ता नव्हे, तो एका माणसाच्या खिशात असतो. मीटर आजोबांच्या नावावर, नोंदवलेला क्रमांक चाकणला नोकरी करणाऱ्या नातवाचा, आणि बिल भरणार घरी राहिलेली सून, असे चित्र या दोन तालुक्यांत काही दुर्मिळ नाही. पळसदेव पाण्याखाली गेले तरी पत्ता टिकला. पण रिचार्ज न केलेला क्रमांक ९० दिवस वापराविना राहिला की कंपनी तो बंद करू शकते आणि पुढे तो परक्याला मिळतो. वीज कायदा २००३ चे कलम ५६ सांगते की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस हवी. ती आता मोबाइलवर संदेश म्हणूनही येते. ‘आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल’ असे खोटे संदेश पाठवून २०२२ मध्ये भामट्यांनी लोकांची खाती रिकामी केली, ते याच वाटेने. खरी नोटीस आणि खोटी नोटीस एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत येत असेल तर ओळखायचे कशाने? रजिस्टर पाकिटावर शिक्का होता, क्रमांक होता, समोर पोस्टमन उभा होता.

म्हणून मागणी साधी आहे. बिल ऑनलाइन भरा, पण वीज तोडण्याची नोटीस कागदावर आणि पोचेसह आलीच पाहिजे. तिचा खर्च पाठवणाऱ्याचा. सात दिवसांची सवलत कागदी बिल घेणाऱ्यासाठी बिल हाती पडल्यापासून मोजावी. आणि टपाल खात्याने जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जाणाऱ्या नोंदणीकृत पत्राला जुन्या रजिस्टरच्या जवळपासचा दर ठेवावा. तोवर प्रत्येक घराने एक काम आजच करावे: बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक दाराच्या आत लिहून ठेवावा, आणि त्यापुढे कोणाचा मोबाइल नोंदवलेला आहे, तो चालू आहे का, हे तपासावे.